लिव्हरपूलचे सोयरे

लिव्हरपूल वारलं त्या दिवशी आमच्या घरमालकांनी घरात चूल पेटू दिली नाही.

मी तेव्हा जालन्याच्या तार ऑफिसात नोकरीला होतो आणि त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. संध्याकाळी घरी आलो तर घरमालक, म्हणजे चाचा, अंगणातल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांच्या बायकोला मी खाला म्हणायचो. त्या स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तारबाबू, तुमीच इचारा यांना, कोण मेलं ते. मला सांगून न्हाई राह्यले."

मी विचारलं. चाचांनी उर्दू पेपरचा तुकडा माझ्यापुढं धरला. मला तो वाचता येत नाही हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

"लिव्हरपूलच्या जुन्या गोद्या बंद करून राह्यले," ते म्हणाले. "आपल्या जालन्याची रुई जिथं उतरायची, तिथं आता कुत्रं फिरत न्हाई म्हणं."

"आन् त्याच्यासाठी माझं पोरगं उपाशी ठेवलं व्हय?" खाला म्हणाल्या.

"तुझ्या माहेरचं कुणी गेलं तवा मी काही बोललो व्हतो का?"

खालांनी कपाळावर हात मारून घेतला आणि शेजारणीकडून भाकरी मागून आणून मुलाला वाढली. चाचा मात्र खरंच जेवले नाहीत. मला आधी हसू फुटलं होतं, पण त्यांचे डोळे पाहिले आणि ते गिळून मी माडीवर गेलो.

माणूस असा होता. त्यांच्या लेखी शहरं म्हणजे नातेवाईक. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फाटलं, कोण श्रीमंत झाल्यावर ओळख विसरलं, कोण बुडाल्यावर दाराशी आलं, हे सगळं ते भावकीतल्या गोष्टी सांगाव्यात तसं सांगत. स्वतः कधी मनमाडच्या पुढं गेले नव्हते. मुंबईच्या एका मोठ्या पेढीचे जालन्यातले दलाल म्हणून त्यांनी उमर घालवली, पण मुंबई पाहिली नव्हती. मी एकदा त्यावरून चिडवलं तर म्हणाले, "सोयऱ्याच्या दारी बिनाकाम जाऊ न्हाई. इज्जत कमी व्हती."

खोली मला मिळाली ती हकीकत सांगितल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. मी परतूर तालुक्यातल्या आष्टीचा. आम्ही बौद्ध. जालन्यात बदली झाली तेव्हा खोली शोधत मी आठवडाभर हिंडलो. सगळीकडे आधी पाण्याचा तांब्या पुढं यायचा, मग आडनाव विचारलं जायचं, आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. मीही काही कमी नव्हतो. एकाला तोंडावर म्हणालो, तुमची खोली कालच्या कालच बरी भरती होते! शेवटी कुणीतरी चाचांचं घर दाखवलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "गाव कोणतं?"

"आष्टी."

आता आडनाव विचारणार म्हणून मी उत्तर जिभेवर घेऊन उभा. तर ते म्हणाले, "आष्टीहून बाहेर काय जातं?"

मला प्रश्नच कळेना. "कापूस जातो. ज्वारी जाते."

"कापूस कसाय तिकडचा? धागा लांब हाय का तोकडा?"

मी म्हणालो मला ठाऊक नाही, आमच्याकडे रान नाही, माझे वडील दुसऱ्यांच्या रानात वेचणीला जायचे. चाचा उठले, आतून किल्ली आणली आणि माझ्या हातात ठेवली. "म्हंजे तुमच्या बापाच्या हातची रुई माझ्या हाताखालून गेली असंल. आपण वळखीचेच निघालो." आडनाव त्यांनी पुढं कधी विचारलं नाही. त्या घरात मी नऊ वर्षं राहिलो आणि त्यातला एक दिवसही परका म्हणून राहिलो नाही, हे मला इथं सांगितलंच पाहिजे.

रोज दुपारी चाचा छत्री घेऊन तार ऑफिसात यायचे. पाऊस नसला तरी छत्री असायचीच. खिडकीवर कोपर टेकवून विचारायचे, "काय तारबाबू, आज मुंबई काय म्हणून राह्यली?"

माझ्या आधीचे लोक सांगायचे, पूर्वी हंगामात मुंबईहून कापसाच्या भावाच्या तारा इतक्या यायच्या की घ्यायला हात पुरत नसत. न्यूयॉर्कला भाव हलला की मुंबईला हलायचा आणि मुंबईचा हलला की जालन्याच्या मोंढ्यात, बाजारपेठेत, लोक चहाचा कप अर्धा टाकून उठायचे. मग सरकारनं राज्यातली कापूस खरेदी आपल्या हातात घेतली. मोंढ्यातली कापसाची बोली बंद झाली, दलालांचं काम संपलं आणि तार मुकी झाली. मी जालन्यात आलो तो नेमका याच सुमारास. माझ्या वाट्याला आल्या त्या तारा आजारपणाच्या, बाळंतपणाच्या आणि मयताच्या.

मी नाव न सांगता म्हणायचो, "कुणाला तरी मुलगा झालाय, चाचा."

"एवढं मोठं शहर, आन् हेच बोलतंय?" असं म्हणून ते तोंड वाकडं करायचे आणि जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

संध्याकाळी जुन्या मोंढ्यातल्या हॉटेलात त्यांचा दरबार भरायचा. एमआयडीसीतून सायकली हाणत आलेली रोलिंग मिलची पोरं, बियाण्याच्या कारखान्यातली पोरं मुद्दाम त्यांना खोदायची. "चाचा, आज कुणाचं लगीन?"

चाचा बशीत चहा ओतत सुरू करायचे. "लिव्हरपूल न् न्यूयॉर्क सख्खे सोयरे. मधी न्यूयॉर्कच्या घरात भाऊभाऊ लढले. माल यायचा बंद झाला, तवा लिव्हरपूलला मुंबईची याद आली. केवढे लाड केले मुंबईचे! रातोरात सोन्यानं मढवली. तिकडची भांडणं मिटली की परत आपल्या सोयऱ्याकडं. मुंबई रडत बसली का? बिलकुल न्हाई. तिनं जपान पाह्यला. ओसाका आलं, तोकड्या धाग्याची रुई बी गोड मानून घेऊन गेलं. मंग लढाई झाली न् ते बी तुटलं."

"आन् जालना कोण व्हतं यात?"

"जालना करवली. नवरी न्हाई. पण दर लग्नात नटून मिरवली ना!"

पोरं हसायची. तेही हसायचे, पण हसताना त्यांचा हात खांद्यावरच्या चौकड्याच्या रुमालाशी चाळा करत राहायचा. या सगळ्या बडबडीत एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. ज्यांची सोयरीक तुटली त्यांत ते स्वतः होते. मोंढ्याच्या ओट्यावर आता त्यांना काही काम नव्हतं, आणि हे दुःख स्वतःच्या नावानं सांगायची त्यांना लाज वाटत होती. म्हणून ते लिव्हरपूलच्या नावानं रडायचे.

मुलगा एकुलता एक. त्याला मात्र त्यांनी मोंढ्याची पायरी चढू दिली नव्हती. "ही सोयरीक तुटणार हाय, मला दिसून राह्यलं. त्याला कशाला त्यात घालू?" असं ते सरकारची खरेदी सुरू व्हायच्या आधीपासून म्हणत. मुलगा आयटीआय शिकला, फिटर झाला आणि रोलिंग मिलमध्ये लागला. शांत मुलगा. बापलेकांत बोलणं बेताचंच. चाचा हॉटेलात दोन तास बोलायचे आणि घरी आले की मुलाला "जेवला का?" एवढंच विचारायचे. त्या पिढीतल्या बापांना पोराशी काय बोलावं ते सुचतच नसे. माझे वडीलही तसलेच होते.

एके दिवशी हॉटेलात चाचांनी नवी सोयरीक जाहीर केली. "मुंबई काही घरात बसून राह्यली न्हाई. तिनं आता दर्यापल्याड कुवेत पाह्यलं, दुबई पाह्यली. तेल निघून राह्यलं तिथं. पहा तुमी, पुढची वरात तिकडंच."

कुणीतरी विचारलं, "मंग जालन्याहून काय जाईल, चाचा?"

"जाईल काहीतरी. मुंबईनं मागितलं की जालन्याला द्यावंच लागतं."

मुलगा मागच्या बाकावर मित्रांबरोबर बसला होता. त्यानं ऐकलं. सहा-सात महिन्यांनी त्यानं घरात सांगितलं की मुंबईत एका माणसाच्या ओळखीनं काम जमलंय, पासपोर्ट आलाय आणि तो कुवेतला निघालाय.

मी माडीवरून ऐकत होतो. ऐकायचं नव्हतं, पण चाचांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "कुणाला इचारून?"

"तुमीच तर म्हणत व्हते अब्बा, आता तिकडंच जायचं हाय सगळ्यांनी."

"मी शहराचं बोलत व्हतो रे," चाचा म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुझं बोलत नव्हतो."

त्यानंतर दोघांत बोलणं बंद झालं. मुलाची तयारी चालू राहिली. खाला रडत रडत पापड लाटायच्या, त्याच्यासोबत द्यायला.

आता रुमालाचं सांगतो. मोंढ्यात कापसाचा भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाच्या आत एकमेकांची बोटं धरून भाव सांगायचे. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती दहा माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता नाही. नापसंत असलं की हात मोकळा सोडायचा. पसंत असलं की समोरच्याचा हात घट्ट दाबायचा. घट्ट दाबला की सौदा झाला, रुमाल उचलला. ना कागद, ना साक्षीदार. आणि आत काय ठरलं ते बाहेर बोलायचं नाही. चाचांनी एकदा चहाच्या टेबलावर माझा हात धरून मला हे शिकवलं होतं. वर म्हणाले होते, "माझ्या रुमालाखालचा सौदा आजतागायत कुणी मोडला न्हाई." आयुष्यात दुसऱ्या कशाचीही फुशारकी त्या माणसानं मारली नाही.

मुलगा निघाला त्या दिवशी आम्ही तिघं त्याला पोचवायला स्टेशनवर गेलो. मनमाडकडं जाणारी गाडी यायची होती. चाचा दूर खांबाशी उभे. खाला मुलाच्या बाहीला धरून उभ्या. घंटा झाली तेव्हा चाचा एकदम पुढं आले. खांद्यावरचा रुमाल काढला, मुलाच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात त्याच्याखाली सारला.

खाला रडायच्या थांबल्या. मीही बघत राहिलो. रुमाल थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला. मुलानं मान खाली घातली होती. चाचा त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मग गाडीचा धूर दिसला, आणि चाचांनी रुमाल उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. त्यांनी मुलाची पेटी उचलून डब्यात ठेवली.

परतताना रिक्षात खालांना म्हणाले, "रडू नको. सौदा झालाय. पोरगं माघारी येईल."

"कधी?"

"ते बाहेर सांगत नसतात."

खालांनी किती विनवण्या केल्या! ईदला विचारायच्या, पाऊस लागला की विचारायच्या, ताप आला की तापात विचारायच्या. "या साली हाय का? नुसती मान हालवा." चाचा मान हलवत नसत. एकदा मी त्यांना चांगलाच बोललो. म्हणालो, चाचा, आई आहे ती, मोंढ्यातला व्यापारी नाही. तिला सांगितलं तर तुमचं काय जाणार आहे?

ते शांतपणे म्हणाले, "तारबाबू, एकाची तार तुमी दुसऱ्याला वाचून दाखवता का?"

दाखवत नव्हतोच. पण त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही तो पुरता गेलेला नाही.

ते स्वतः मात्र आनंदात होते. ऑफिसच्या खिडकीवर आता मुंबईच्या जोडीला कुवेतची चौकशी सुरू झाली. हॉटेलात कुवेतचं कौतुक सांगायचे, नव्या व्याह्याचं सांगावं तसं. मुलाकडून खालांना ब्लँकेट आलं, चाचांना घड्याळ आलं. घड्याळ त्यांनी पेटीत ठेवलं. "आला की त्याच्याच हातानं बांधून घेईन," म्हणाले.

मग एका हिवाळ्यात चाचांनी दाढी कोरली, पेटीतली जुनी अचकन काढून घातली आणि छत्री घेऊन ते स्टेशनवर गेले. मनमाडकडून येणारी गाडी रिकामी होईपर्यंत थांबले आणि परत आले. दुसऱ्या दिवशीही गेले. खालांना कळलं. त्या दिवसापासून त्या रोज मुलाच्या आवडीचं खिमा-मेथी करायला लागल्या. सगळा महिना हे चाललं. मी म्हणालो, पत्र टाकू का, कळवू का त्याला की तुम्ही वाट बघताय? तर म्हणाले, "सौद्याची याद द्यावी लागली, तर तो सौदा कसला?"

खालांनी त्यांच्या नकळत माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, ये म्हणून. उत्तर आलं: कंपनी सुटी देत नाही, पुढच्या वर्षी नक्की.

एका दुपारी चाचा स्टेशनवर गेले नाहीत. खांद्यावरचा रुमाल त्यांनी घडी करून खुंटीला लावला आणि तो पुन्हा कधी घेतला नाही. ऑफिसच्या खिडकीवर यायचे थांबले. हॉटेलातली पोरं विचारायची, चाचा कुठंत? मी काय सांगणार! एकदा मी बाजेजवळ जाऊन बसलो तेव्हा आपणहून बोलले. "आमच्या रुमालाखालचा सौदा कधी मोडला नव्हता, तारबाबू. माझ्याच पोरानं मोडला."

"सुटी मिळाली नसेल, चाचा. परका देश आहे."

"मंग हात घट्ट का दाबला त्यानं? सोडून द्यायचा व्हता. मी आकडा वाढवला असता."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. छातीत दुखायला लागलं आणि दोन दिवसांत संपलं. दुसऱ्या दुपारी त्यांनी खालांना जवळ बोलावून सगळ्या उमरीत जे केलं नव्हतं ते केलं. सौदा फोडला. "तीन साल म्हणलं व्हतं मी. हात दाबून हो म्हणला पोरगा," एवढं सांगितलं. संध्याकाळी ते नव्हते.

कुवेतची तार मी माझ्या हातानं पाठवली. ऑफिसात दुसरा माणूस होता, पण मी त्याला हात लावू दिला नाही.

मुलगा आला तो चाचांचा चाळिसावा दिवस उलटून गेल्यावर. अंगानं भरला होता, केस मागं सारलेले, अंगणात मोठी बॅग. तो बाजेवर बसला, आणि खाला त्याच्यासमोर जमिनीवर. घरात ते दखनी उर्दू बोलत, पण मी असलो की सगळे मराठीवर यायचे. त्या दिवशीही आले. मी उठायला लागलो तर खाला म्हणाल्या, "बसा तारबाबू. तुमच्यासमोरच इचारायचं हाय मला." त्या रडत नव्हत्या. मला त्यांची भीती वाटली.

"तीन सालाचं कबूल करून गेल्तास. का न्हाई आलास?"

मुलगा त्यांच्याकडं बघत राहिला. "कधी कबूल केलं, अम्मी?"

"टेसनावर. अब्बानं रुमाल टाकला तवा."

"रुमाल?" तो म्हणाला. "तो तर त्यांनी हात धरायला टाकल्ता."

तो पुढं सांगू लागला. "अब्बानं कधी माझा हात धरला नव्हता. लहानपणी बी न्हाई. मला वाटलं, लोकांसमोर शरम वाटून राह्यली, म्हणून वरून रुमाल टाकला. माझी बोटं पकडून राह्यले, सोडून राह्यले, परत पकडून राह्यले. मला वाटलं, लाड करून राह्यले. मला लई रडू आलं, अम्मी. मंग मी बी त्यांचा हात घट्ट धरला."

खालांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दलालाची बायको होत्या. त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. मला चाचांनी शिकवलं होतं, हॉटेलातल्या निम्म्या पोरांना त्यांनी हौसेनं शिकवलं होतं. एका माणसाला तेवढं शिकवलं नव्हतं. मरताना तो माणूस पोराला खोटा समजून मेला, आणि पोरगं बिचारं इतकी वर्षं त्या एका हाताच्या आठवणीवर परक्या मुलखात राहिलं.

खाला पुढं सरकल्या. त्यांनी मुलाचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्याची तीन बोटं मुठीत धरली.

"असं धरलं व्हतं का?"

तो बघत राहिला. "हां," म्हणाला. "असंच."

मग त्याच्या ध्यानात आलं. "अम्मी, हे तीन साल व्हते?" त्यानं विचारलं, आणि बोटं सोडवून घेऊन तोंड झाकायला गेला. खालांनी ती सोडली नाहीत.